गॅस अलार्म पॅनेल: सांगली-सातारा भागातल्या ऑपरेटर आणि मेंटेनन्सवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

तासगाव-मिरज पट्ट्यातली बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आणि बायोगॅस प्लांट, दूध संघ, कुपवाड, कराड, शिरवळकडचे कारखाने. यांतल्या बऱ्याच ठिकाणी भिंतीवर चार, आठ किंवा सोळा चॅनेलचं (एक चॅनेल म्हणजे एका डिटेक्टरची जोडणी) गॅस अलार्मचं पॅनेल असतं. बसवणारा इंजिनिअर एक दिवस मेनू दाखवून जातो. पुढची सगळी वर्षं ते सांभाळायचं असतं पाळीवरच्या ऑपरेटरला आणि मेंटेनन्सच्या माणसाला. हे पान त्यांच्यासाठी. मेनूतले शब्द कंपनीगणिक बदलतात, म्हणून तुमच्या पॅनेलचं मॅन्युअल शेजारी ठेवूनच वाचा.

हुटर (भोंगा) वाजला. पहिलं काम कोणतं?

पॅनेलपाशी जाऊन चार गोष्टी वाचा: चॅनेल नंबर, गॅसचं नाव, आकडा, आणि पहिल्या पातळीचा अलार्म आहे की दुसऱ्या. आकडा चढतोय की उतरतोय हेही दोन-चार सेकंदांत कळतं. मगच हुटर शांत करा.

खोलीत डोकावून, वास घेऊन खात्री करायला जाऊ नका. ती खात्री करण्यासाठीच डिटेक्टर आत लावलेला आहे. पॅनेल कंप्रेसर रूमच्या आत असेल, तर बाहेर पुन्हा आकडा दिसेल असा डिस्प्ले लावून घ्या. मालकाकडे हा खर्च आग्रहाने मागा, कारण धोक्याच्या खोलीत शिरून धोका किती आहे ते वाचायचं, याला काही अर्थ नाही.

दुसऱ्या पातळीचा अलार्म असेल तर माणसं बाहेर काढा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने सरकून वारा जिकडून येतोय त्या बाजूला जमवा आणि डोकी मोजा. हमाल, ट्रकचे ड्रायव्हर, बेदाणा निवडणाऱ्या बायका, सगळ्यांना धरून मोजा, कारण हजेरीपटावर नसलेली माणसंच मोजणीत राहून जातात. फायर ब्रिगेडला १०१ किंवा ११२ वर कळवा. ओला रुमाल तोंडावर धरून बाहेर पडता येईल, पण त्याच्या भरवशावर आत जायचं नाही. आत जायचं ते बीए सेट, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला मास्क घालूनच, आणि तेही दोघांनी, बाहेर तिसरा उभा करून.

कोल्ड स्टोरेज थंड करायला वापरतात तो अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून वाफेच्या ढगावर बाहेरून पाण्याचा फवारा उपयोगी पडतो. पण जमिनीवर द्रव अमोनियाचं थारोळं साचलं असेल तर त्यावर पाणी ओतू नका. त्याने तो आणखी जोरात उकळतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कडेगाव तालुक्यात शाळगावच्या एमआयडीसीतल्या वायुगळतीत माणसं गेली, ते आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. शेजारच्या वस्तीला कोण सांगणार, कोणत्या नंबरवरून सांगणार, हे पॅनेलच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहून लावा.

ॲकनॉलेज आणि रीसेट यांत फरक काय? दोन्ही दाबल्यावर आवाज थांबतो.

ॲकनॉलेज, काही पॅनेलवर म्यूट, म्हणजे 'मी ऐकलं' एवढंच. आवाज थांबतो, पण फ्लॅशर (लुकलुकणारा दिवा) आणि रिले (फॅन वगैरे चालू-बंद करणारा पॅनेलमधला स्विच) जागच्या जागी राहतात, एक्झॉस्ट फॅन चालू राहतो. दुसऱ्या चॅनेलला नवा अलार्म आला तर हुटर पुन्हा वाजला पाहिजे. वाजत नसेल तर प्रोग्रामिंग चुकलंय, लगेच बघून घ्या.

रीसेट म्हणजे लॅच झालेला, म्हणजे गॅस उतरला तरी अडकून राहिलेला, अलार्म सोडवणं. गॅस सेटपॉइंटच्या (अलार्मसाठी ठरवलेल्या आकड्याच्या) खाली आल्याशिवाय रीसेट लागू होता कामा नये. आणि रीसेट करण्याआधी कोणत्या चॅनेलला जास्तीत जास्त किती आकडा गेला होता तो वहीत उतरवा. बऱ्याच पॅनेलवर तो रीसेटनंतर पुसला जातो, आणि दुसऱ्या दिवशी गळती शोधणाऱ्या फिटरला त्याच आकड्याची गरज असते.

आमच्याकडे अमोनियाचा डिटेक्टर टक्के एलईएल दाखवतो. तो चालेल ना?

हा प्रश्न कोल्ड स्टोरेजवाल्यांनी नीट समजून घ्यावा, कारण इथे माणसाच्या जिवाचा हिशेब आहे.

एलईएल म्हणजे हवेत गॅसचं ते कमीत कमी प्रमाण, ज्याला ठिणगी मिळाली तर पेट घेता येतो. अमोनियाचं हे प्रमाण जवळजवळ १५ टक्के, म्हणजे १,५०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांतले भाग). तुमच्या पॅनेलवर १० टक्के एलईएलला अलार्म लावला असेल तर तो वाजेपर्यंत खोलीत १५,००० पीपीएम अमोनिया झालेला असतो. जीवाला तात्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे ३०० पीपीएम. म्हणजे त्या पातळीच्या पन्नास पट गॅस भरल्यावर तुमचा 'पहिला' अलार्म वाजणार. तोवर आतला माणूस वाचलेला नसेल.

म्हणून माणसांसाठी पीपीएममध्ये मोजणारा डिटेक्टर वेगळा हवा. एलईएलचा डिटेक्टर कंप्रेसर रूममध्ये स्फोट टाळण्यासाठी, वीज तोडण्यासाठी जरूर ठेवा, पण तो दुसऱ्या चॅनेलवर. एकाच्या ऐवजी दुसरा चालत नाही.

मिथेनचं उलट आहे. तो विषारी नाही, आणि साधारण ५ टक्क्यांना पेट घेतो. तिथे १० टक्के एलईएल म्हणजे ५,००० पीपीएम, त्यामुळे एलईएलमध्ये मोजणंच योग्य. हायड्रोजन सल्फाइडला मात्र पुन्हा पीपीएमच.

सेटपॉइंट किती ठेवायचे?

विषारी गॅससाठी आधीच्या (नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या) कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीतले आकडे पायाभूत धरा. अमोनिया आठ तासांसाठी २५ पीपीएम आणि थोड्या वेळासाठी ३५. हायड्रोजन सल्फाइड १० आणि १५. सल्फर डायऑक्साइड २ आणि ५. क्लोरीन १ आणि ३. पहिला अलार्म यांतल्या पहिल्या आकड्याच्या वर कधीच ठेवू नका. ज्वलनशील गॅससाठी २० आणि ४० टक्के एलईएल ही रूढ पद्धत आहे. बंदिस्त जागा असेल तर १० आणि २० ठेवा. ऑक्सिजनला खाली १९.५ आणि वर २३.५ टक्के.

'अलार्म सारखा येतो, जरा वाढवून द्या' अशी मागणी प्रत्येक प्लांटमध्ये कधी ना कधी होते. २५ चा ५० करून देणं दोन मिनिटांचं काम आहे. पण सारखा येणारा अलार्म काहीतरी सांगत असतो: व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून गळती आहे, तेल काढताना अमोनिया बाहेर सुटतोय, कंप्रेसरचं शाफ्ट सील गेलंय, किंवा डिटेक्टरचा झीरो सरकलाय. त्यांतलं नेमकं काय ते शोधा. सेटपॉइंट बदलायचाच असेल तर जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि सही यांशिवाय बदलू नका, आणि पासवर्ड दोघांपेक्षा जास्त जणांकडे ठेवू नका. पॅनेलच्या दारावर मार्करने लिहून ठेवलेला पासवर्ड हा पासवर्ड नव्हे.

नवीन चॅनेल प्रोग्राम करताना सर्वांत जास्त चूक कुठे होते?

रेंजमध्ये. डिटेक्टर करंटच्या भाषेत बोलतो: ४ मिलीअँपिअर म्हणजे शून्य, २० म्हणजे पूर्ण रेंज. मधला आकडा पॅनेल स्वतः काढतं. करंटमधून ४ वजा करायचे, १६ ने भागायचं आणि रेंजने गुणायचं. म्हणजे रेंज किती आहे ते पॅनेलला बरोबर सांगितलेलं असलं पाहिजे.

समजा डिटेक्टर ०-५०० पीपीएमचा आहे, आणि पॅनेलमध्ये कुणीतरी ०-१०० भरलंय. खोलीत खरे १०० पीपीएम आहेत. डिटेक्टर ७.२ मिलीअँपिअर पाठवतो. पॅनेल हिशेब करून २० दाखवतं. सेटपॉइंट २५, त्यामुळे अलार्म नाही. स्क्रीन हिरवी, फॉल्ट नाही, सगळं व्यवस्थित दिसतंय, आणि माणसं चौपट विषात उभी आहेत. हा दोष कुठलंही पॅनेल स्वतःहून पकडू शकत नाही. तो पकडता येतो फक्त दोन प्रकारे: डिटेक्टरवरची नेमप्लेट वाचून, आणि डिटेक्टरवर खरा गॅस सोडून.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी शिडीवर चढून नेमप्लेटवरचा गॅस, रेंज आणि युनिट लिहून आणा, जुन्या फाइलमधून घेऊ नका. मग पॅनेलमध्ये इनपुटचा प्रकार, गॅसचं नाव, युनिट, रेंज भरा. मग सेटपॉइंट, चढता की उतरता, लॅच, डिले (अलार्म द्यायला लावलेला उशीर), आणि शेवटी कोणता रिले. टॅग नंबरच्या जागी 'चॅनेल ३' असं ठेवू नका. 'उत्तर चेंबर २ दार' असं लिहा. रात्री दोन वाजता नवा ऑपरेटर काय वाचणार आहे, हे डोळ्यांसमोर आणून नाव द्या.

भरून झाल्यावर करंट सोर्स लावून ४, ८, १२, १६, २० मिलीअँपिअर द्या आणि आकडे जुळवा. ०-१०० रेंजला ८ वर २५ आणि १२ वर ५० दिसलं पाहिजे. ही पाच आकड्यांची तपासणी फाइलला लावून ठेवा.

ऑक्सिजनच्या चॅनेलला वेगळं काय?

१९.५ चा अलार्म उतरत्या दिशेचा (२३.५ चा मात्र चढत्याच). बाकी सगळे गॅस वाढले की धोका, इथे कमी झाला की धोका. दिशा 'चढती' राहिली तर १९.५ चा सेटपॉइंट भरताच ताज्या हवेत, २०.९ टक्क्यांना, अलार्म येतो. वैतागून मग कुणीतरी चॅनेलच बंद करतो.

सांगलीकरांना हा विषय नवा नाही. हरिपूरच्या पेवांत हळद साठवायचे तेव्हा पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, दिवा सोडून बघायचा, मग माणूस. बंद जागेत हळदीने आतला ऑक्सिजन वापरून टाकलेला असतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. डिस्टिलरीच्या फर्मेंटेशन हाउसमध्ये, मळीच्या टाकीत, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) खड्ड्यात आजही तेच घडतं. फर्मेंटरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. अशा जागी उतरायचं असेल तर भिंतीवरचा डिटेक्टर पुरत नाही. हातातला चार गॅसचा मीटर दोरीने वर, मध्ये, तळाशी सोडून बघा, आणि उतरल्यावरही तो अंगावर चालू ठेवा.

वास येतोय पण पॅनेल शून्य दाखवतंय. कुणावर विश्वास ठेवायचा?

अमोनियाच्या बाबतीत, वासावर. बहुतेकांना तो सेटपॉइंटच्या बराच खाली असतानाच नाकाला कळतो, म्हणजे वास येऊन अलार्म नसणं यात चूक काहीच नसेल. पण डोळ्यांत पाणी येतंय आणि आकडा शून्य, असं असेल तर तो डिटेक्टर मेला आहे असं धरून चाला आणि तशी कारवाई करा.

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत उलट, नाकावर अजिबात विश्वास ठेवू नका. सडक्या अंड्याचा वास थोड्या प्रमाणात लगेच येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास घ्राणशक्तीच बधिर होते. 'आता वास गेला' म्हणून आत गेलेला माणूस कोसळतो, आणि त्याला ओढायला दुसरा जातो तोही पडतो. स्पेंटवॉशच्या, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या, कच्च्या बायोगॅसमध्ये हा गॅस हजारो पीपीएम असतो. तिथे डिटेक्टर बंद असताना काम सुरू ठेवायचं नाही. उत्पादन थांबलं तरी चालेल.

पॅनेलवर 'फॉल्ट' आहे, गॅस नाही. काम चालू ठेवलं तर चालतं का?

फॉल्ट म्हणजे तिथे गॅस आहे की नाही ते आता कुणालाच माहीत नाही. म्हणून फॉल्टला अलार्मइतकंच महत्त्व द्या. हातातला मीटर घेऊन त्या जागेवर माणूस ठेवा, किंवा ती जागा रिकामी करा, आणि मग दुरुस्तीला लागा.

दुरुस्तीत आधी करंट मोजा. शून्य असेल तर वायर तुटली, फ्यूज गेला किंवा डिटेक्टरला वीजच नाही. साधारण ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर असेल तर डिटेक्टर स्वतःच 'मी बिघडलोय' असं सांगतोय. नेमके आकडे त्याच्या मॅन्युअलमध्ये असतात. काही डिटेक्टर इनहिबिट (अलार्म तात्पुरता रोखून ठेवणं) किंवा वॉर्म-अप चालू असताना २-३ मिलीअँपिअर पाठवतात, त्यामुळे वीज आल्यावर पहिली काही मिनिटं फॉल्ट दिसला तर घाबरू नका, पण तो जातो का ते बघत थांबा. पावसाळ्यात सर्वांत जास्त फॉल्ट जंक्शन बॉक्समधल्या पाण्याने येतात. केबलचा ग्लँड नीट आवळलेला नसणं, जादा भोकाला प्लग नसणं, एवढंच कारण असतं.

एक खास धोका कॅटॅलिटिक, म्हणजे पेलिस्टर जातीच्या डिटेक्टरचा. त्याला गॅस जाळायला ऑक्सिजन लागतो. गॅस खूपच जास्त झाला, हवा कमी पडली, की आकडा १०० पर्यंत जाऊन परत खाली येतो. स्क्रीनवर ३० दिसतं आणि वाटतं गळती थांबली. म्हणून या चॅनेलना ओव्हररेंज लॅच चालू ठेवा: एकदा १०० पार गेलं की मीटरने बाहेरून तपासल्याशिवाय आकडा खाली दाखवायचाच नाही.

हिस्टेरिसिस आणि डिले किती ठेवावा?

हिस्टेरिसिस म्हणजे अलार्म २५ ला आला तर २२-२३ च्या खाली गेल्यावरच सुटावा, म्हणजे रिले सारखा टकटक करत नाही. रेंजच्या दोन-तीन टक्के पुरे. डिले विषारी गॅसला दोन-तीन सेकंदांच्या पुढे नको. वेल्डिंगच्या किंवा वॉकी-टॉकीच्या गडबडीने येणारे खोटे अलार्म डिले वाढवून लपवण्यापेक्षा केबलची शील्ड तपासा.

रिलेला एक्झॉस्ट फॅन, हुटर आणि सोलेनॉइड (विजेने चालणारा व्हॉल्व्ह) जोडायचंय. काय बघायचं?

रिले 'नॉर्मली एनर्जाइज्ड' ठेवा. म्हणजे सगळं ठीक असताना रिलेची कॉइल भरलेली, आणि अलार्म आला, वायर तुटली, पॅनेलची वीज गेली, यांपैकी काहीही झालं की ती सुटते आणि सुरक्षित बाजूला जाते. उलट जोडणी केली तर उंदराने वायर कुरतडल्याचं तुम्हाला गळतीच्या दिवशीच कळेल. मुख्य गॅस लाइनचा किंवा द्रव अमोनियाचा सोलेनॉइडसुद्धा वीज गेल्यावर बंद होणारा निवडा.

पॅनेलमधला छोटा रिले फॅनची मोटर थेट ओढू शकत नाही, मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा स्विच) घाला. हुटरचा पुरवठा पॅनेलच्या बॅकअपवरूनच घ्या. अमोनियाच्या खोलीत १५० पीपीएमच्या आसपास मोठा एक्झॉस्ट आपोआप सुरू व्हावा, आणि त्याचा हाताने चालवायचा स्विच दाराच्या बाहेर असावा. फॅन गॅस कुठे फेकतो तेही बघा. कामगारांच्या पाण्याच्या टाकीकडे किंवा शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको.

कंप्रेसर बंद करण्यासारखी मोठी कृती एकाच डिटेक्टरवर सोपवायची नसेल तर 'तीनपैकी दोन' असं मतदान लावता येतं. हुटर मात्र एकाच डिटेक्टरवर वाजलाच पाहिजे.

केबल कुठली वापरायची? काँट्रॅक्टर अर्ध्या स्क्वेअरची (०.५ चौरस मिलिमीटर तारेची) टाकतो म्हणतोय.

हिशेब करून दाखवा त्याला. कॅटॅलिटिक डिटेक्टर सुरू होताना पाव अँपिअरपर्यंत घेऊ शकतो. अंतर ३०० मीटर, जाऊन-येऊन ६००. दीड स्क्वेअर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १२ ओहमच्या आसपास, म्हणजे सात ओहम, आणि वाटेत पावणेदोन-दोन व्होल्ट जातात. २४ चे २२ पोचतात, काही अडचण नाही. अर्ध्या स्क्वेअरला तिप्पट, साडेपाच व्होल्टच्या आसपास पडतात. मेन लाइनवर कदाचित चालेल, पण वीज जाऊन बॅटरी २१ वर आली की डिटेक्टरला १५-१६ व्होल्ट मिळतील आणि शेवटचे डिटेक्टर एकेक करून फॉल्टला जातील. नेमकं अंधारात.

केबल शील्डची घ्या, शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करा, डिटेक्टरच्या बाजूला कापून टेप लावा. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलच्या ट्रेमधून ही केबल नेऊ नका. धोकादायक झोनमधल्या डिटेक्टरला फ्लेमप्रूफ बॉडी, गॅस ग्रुपला जुळणारं सर्टिफिकेट आणि डबल कम्प्रेशन ग्लँड लागतो. पॅनेल स्वतः सुरक्षित जागेत.

आरएस-४८५ वर मॉडबस (एकाच केबलवरून सगळे डिटेक्टर आकडे पाठवतात ती पद्धत) असेल तर केबल एकाकडून दुसऱ्याकडे अशी ओळीत फिरवा, फांद्या काढू नका, दोन्ही टोकांना १२० ओहम. दोन डिटेक्टरना एकच ॲड्रेस दिलेला असेल तर दोन्ही कधी दिसतात कधी गायब होतात. 'अधूनमधून फॉल्ट' याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

डिटेक्टर किती उंचीवर लावावा?

मिथेन, हायड्रोजन, अमोनिया वर चढतात, म्हणून छताजवळ. एलपीजी, क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइड आणि अल्कोहोलची वाफ खाली राहते, म्हणून जमिनीपासून फूटभर वर. पण थंड द्रव अमोनिया फुटला तर पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगतच पसरतो. म्हणून पंप आणि रिसीव्हरजवळ एक डिटेक्टर श्वासाच्या उंचीवर ठेवा. कॅलिब्रेशनला हात पोचेल अशी जागा बघा. जिथे शिडीशिवाय पोचता येत नाही तिथे कॅलिब्रेशन फक्त कागदावर होतं. दूध प्लांटमध्ये रोज पाण्याचा पाइप मारतात, तिथे स्प्लॅश गार्ड हवाच.

कॅलिब्रेशन किती दिवसांनी? लायटरचा गॅस मारून बघितलं तर चालेल का?

लायटर मारू नका. त्याने कॅटॅलिटिक डिटेक्टरवर शंभरच्या वर गॅस बसतो, सेन्सर खराब होतो, आणि 'आकडा हलला' यापलीकडे काही कळत नाही. अमोनियाच्या सेलवर (डिटेक्टरमधल्या रासायनिक सेन्सरवर) अमोनियाच्या बाटलीतल्या बोळ्याने वास देणं तितकंच वाईट. हा सेल प्रत्येक वेळी गॅस घेताना थोडा खर्च होतो, आणि एका जोरदार डोसात त्याचं आयुष्य घटतं.

दोन वेगळी कामं आहेत. बंप टेस्ट म्हणजे ठरलेल्या प्रमाणाचा गॅस थोडा वेळ सोडून अलार्म येतो का, हुटर वाजतो का, फॅन फिरतो का बघणं. हे महिन्याला एकदा करा. कॅलिब्रेशन म्हणजे आधी झीरो (स्वच्छ हवेवर शून्य), मग स्पॅन (ठरलेल्या प्रमाणाच्या गॅसवर त्याचा आकडा) जुळवणं. साधारण तीन ते सहा महिन्यांनी, किंवा मॅन्युअल सांगेल तसं.

कॅलिब्रेशनआधी चॅनेल इनहिबिट करा, नाहीतर फॅन आणि ट्रिप चालू होतील. झीरो स्वच्छ हवेतच. खोलीत आधीच ८ पीपीएम अमोनिया असताना तिथल्या हवेवर झीरो केलं, तर त्या दिवसापासून पॅनेल कायम ८ ने कमी दाखवणार. शंका असेल तर झीरो एअरचा सिलिंडर वापरा. स्पॅन गॅसच्या सिलिंडरवरची मुदत वाचा. अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइडचं मिश्रण कालांतराने कमजोर होतं, आणि कमजोर गॅसवर स्पॅन केलेला डिटेक्टर जास्त दाखवू लागतो. प्रवाह मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक ठिकाणी मिनिटाला अर्धा लिटर. आकडा स्थिर झाल्याशिवाय 'सेव्ह' दाबू नका.

काम झालं की इनहिबिट काढा. हे विसरलं जातं. टायमर असेल तर तीस मिनिटांचा लावा. नसेल तर इनहिबिट लावणाऱ्याने स्वतःच्या नावाचा लाल टॅग पॅनेलला अडकवायचा आणि काढल्याशिवाय पाळी सोडायची नाही.

सर्टिफिकेट देणाऱ्या माणसाकडून 'आधी किती दाखवत होता' तो आकडा लिहून घ्या. प्रत्येक डिटेक्टरला आधी ५० आणि नंतर ५० लिहिलेलं असेल, तर शिडी हलली नाही असं समजा आणि पैसे थांबवा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तपासणीत कागद चालून जाईलही, पण गळतीच्या वेळी त्या कागदाचा काही उपयोग नाही.

बेदाण्याच्या गंधकाचा अमोनियाच्या सेन्सरवर परिणाम होतो का?

होऊ शकतो. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते, त्यातला सल्फर डायऑक्साइड चेंबरमध्ये थोडा सुटत राहतो. अमोनियाचे इलेक्ट्रोकेमिकल सेल दुसऱ्या गॅसनाही कमी-जास्त प्रतिसाद देतात. कुठल्या गॅसला किती आणि वर की खाली, हे मॉडेलगणिक बदलतं, आणि डेटाशीटमध्ये त्याचा तक्ता असतो. खरेदी करतानाच 'आमच्याकडे बेदाणा आहे' असं सांगा आणि तो तक्ता मागा. चेंबरचं तापमानही सांगा, कारण थंडीत सेल मंदावतो.

ज्वलनशील गॅसच्या कॅटॅलिटिक सेन्सरचे शत्रू वेगळे: सिलिकॉनचे स्प्रे आणि सीलंट, शिशाची संयुगं आणि हायड्रोजन सल्फाइड. म्हणून बायोगॅसवर इन्फ्रारेड बरा. मात्र इन्फ्रारेडला हायड्रोजन दिसत नाही, त्यामुळे बॅटरी रूममध्ये तो उपयोगाचा नाही.

वीज गेली, वीज कोसळली, पूर आला तर?

बॅकअपचा हिशेब साधा आहे. आठ डिटेक्टर प्रत्येकी ०.१५ अँपिअर, म्हणजे १.२. पॅनेल आणि फ्लॅशर धरून दीड. चार तासांना सहा अँपिअर-तास. बॅटरी जुनी होते, थंडीत कमी देते, म्हणून दुप्पट घ्या. दर महिन्याला मेन स्विच बंद करून तासभर बॅटरीवर चालवून बघा.

वळवाच्या पावसात विजा फार, तेव्हा उघड्यावरून येणाऱ्या प्रत्येक केबलला सर्ज प्रोटेक्टर लावा.

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते तुमच्या भिंतीवर कुठेतरी खुणावलेलं असेल. पॅनेल आणि बॅटरी त्या खुणेच्या वर बसवा. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागलं की खालच्या डिटेक्टरचे फ्यूज काढायची तयारी ठेवा, आणि ते काढण्याआधी प्लांटमधला गॅस बंदिस्त आणि माणसं बाहेर असल्याची खात्री करा. पाण्यात गेलेला डिटेक्टर वाळवून परत लावू नका. सेन्सर बदला.

हंगाम संपल्यावर पॅनेल बंद ठेवलं तर?

गाळप थांबलं तरी बायोगॅसचा डायजेस्टर, स्पेंटवॉशचं तळं आणि मळीच्या टाक्या थांबत नाहीत. शिवाय टाक्या साफ करायला माणसं उतरतात ती याच काळात. म्हणून त्या भागातले चॅनेल चालू ठेवा. जे खरोखर रिकामे झालेत तेवढेच बंद करा आणि बंद केल्याचं पॅनेलवर लिहा. काही इलेक्ट्रोकेमिकल सेलना सतत वीज लागते. महिनोन् महिने बंद राहिले तर परत स्थिर व्हायला बरेच तास घेतात आणि तोवर आकडा भलताच असतो. डिटेक्टर गोडाऊनमध्ये काढून ठेवणार असाल तर रंग, थिनर आणि सिलिकॉनच्या डब्यांपासून लांब ठेवा.

हंगाम सुरू करण्याआधी किमान दोन दिवस सगळं पॅनेल चालू करा, सेलची तारीख बघा (बहुतेकांचं आयुष्य दोन-तीन वर्षं), प्रत्येक डिटेक्टरवर खरा गॅस सोडा, आणि तेव्हा नव्याने भरती झालेल्या पोरांना समोर उभं करून हुटर ऐकवा. तो पहिल्या पातळीला कसा वाजतो, दुसऱ्या पातळीला कसा, आणि वाजल्यावर कुठल्या झाडाखाली जमायचं, ते त्याच दिवशी त्यांच्याकडून चालवून घ्या.